अर्धा कोपेपॉड काढून आरशात धरला, तेव्हाची गोष्ट

रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी.ला आले तेव्हा माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलनं काढलेले रेडिओलारिया होते, म्हणजे काचेसारखे सांगाडे असलेले एकपेशीय समुद्री जीव. काचेची झुंबरं, काटेरी चेंडू, जाळीदार घुमट. पहिल्यांदा होडीतून २०० मायक्रॉनची जाळी ओढली, फॉर्मेलिन घातलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर दिसला गाळ, माशांचे खवले आणि ढीगभर कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे कोळंबीचे बारीक नातेवाईक. सर हसले. म्हणाले, "झुंबरं आत, खोल खाऱ्या पाण्यात. आपल्याकडे हे झुरळासारखे दिसणारे. त्यांचीच चित्रं काढायला लाग."

असे सूक्ष्म समुद्री जीव चितारायला बसलात तर हा हिरमोड तुमचाही होणार, म्हणून आधीच सांगते. ती जुनी चित्रं म्हणजे एका थेंबात दिसलेलं दृश्य नव्हे. १८५९-६० च्या हिवाळ्यात हेकेल इटलीतल्या मेसिनाच्या बंदरात रोज जाळं टाकत होता, त्यातून १८६२ चा ग्रंथ झाला. पुढे 'चॅलेंजर' या ब्रिटिश संशोधन जहाजानं १८७२ ते १८७६ जगभरच्या समुद्रांतून आणलेले नमुने त्याच्याकडे गेले. १८८७ च्या अहवालात १४० चित्रफलक आणि साडेतीन हजारांवर नव्या जाती आहेत! 'कुन्स्टफॉर्मेन देअर नाटूर' ('निसर्गातली कलारूपं') या त्याच्या पुस्तकाचे प्रसिद्ध १०० फलक त्यानंतरचे, १८९९ ते १९०४ मधले. त्याची रेखाटनं छपाईच्या दगडावर उतरवणारा कारागीर आडोल्फ गिल्च. त्या नाजूक रेषांचं निम्मं श्रेय माझ्या मते त्याचं, पण भिंतीवर पोस्टर लावणाऱ्यांना त्याचं नाव माहीत नसतं.

आता कामाचं. चित्र काढता येत नाही म्हणून घाबरू नका. सूक्ष्मदर्शकाला ड्रॉईंग ट्यूब लावली की प्राणी आणि तुमच्या हातातली पेन्सिल एकाच वेळी दिसतात. बाह्यरेषा त्यावर गिरवायची, मग ट्रेसिंग पेपरवर ०.१ मिलिमीटर टोकाच्या पेननं पक्की करायची. छटा टिंबांनी द्यायच्या, उजेड वरून डावीकडून येतो असं धरून. आणि '४०० पट' असं कधीच लिहू नका. छापताना चित्र लहान झालं की तो आकडा खोटा पडतो. शेजारी मोजपट्टीची रेघ काढा, ती चित्राबरोबर लहान होते.

फोटो का नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. जास्त वर्धनाला एका वेळी प्राण्याचा एक पातळ थरच स्पष्ट दिसतो. चित्र काढणारा फोकसचा स्क्रू सारखा खालीवर फिरवत असतो आणि सगळे थर एका कागदावर आणतो. हल्ली संगणक अनेक फोटो जोडून तेच करतो, पण कुठला केस महत्त्वाचा आणि कुठला चिकटलेला कचरा, ते त्याला कळत नाही.

आता माझा पराक्रम. सबमिशनच्या आदल्या रात्री एका नर कोपेपॉडची डावी बाजू मनापासून काढली आणि कागद दुमडून उजवीकडे तशीच उतरवली. काय देखणं दिसत होतं! सरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "उजवी बाजू कुणी पाहिली?" कॅलॅनॉइड या गटातल्या कोपेपॉडच्या बऱ्याच जातींत नराची एकच स्पर्शिका (डोक्यावरची लांब मिशी), बहुधा उजवी, मादीला धरण्यासाठी कोपरासारखी वाकते. पाचव्या पायांची जोडीही डावी-उजवी वेगळी, आणि जात ओळखतात ती बहुतेकदा त्यांवरूनच. सौंदर्यापायी मी नेमकी ओळखच पुसली होती.

त्यानंतर हेकेलकडे पाहायची नजर बदलली. त्यानं सममिती वाढवून दाखवली हा आरोप जुनाच, पण तो मोह किती गोड असतो ते मला त्या रात्रीमुळे कळलं. मग मी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म गीसब्रेख्टचा नेपल्सच्या आखातातल्या कोपेपॉडवरचा १८९२ चा ग्रंथ उघडला, ५४ फलक. त्यात पूर्ण प्राणी थोडे. पानभर सुटे पाय, जबडे, काटे, आणि कितीतरी नरांचा डावा पाचवा पाय उजव्यापेक्षा निराळा. मला आज हेच फलक जास्त सुंदर वाटतात. दोघांचेही फलक 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'वर फुकट पाहता येतात. पोस्टरसारखे पाहू नका, एखादा पाय निवडून वहीत उतरवा.

त्या नराचा पाचवा पाय मी सुईनं सुटा करून, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून अकरा वेळा काढला. अकराव्या कागदावर सरांनी पेन्सिलीनं फक्त एक काटा वाढवला.