राजाराम बंधाऱ्यावरून परत निघण्याआधी

बहुमाध्यमी बातमीदारी शिकायला येणाऱ्या बहुतेकांची पहिली चौकशी असते, ‘एडिटिंगला कुठलं ॲप घ्यायचं?’ ॲप आठवड्याभरात हाताशी येतं. वेळ लागतो तो जागेवरून काय काय घेऊन यायचं हे अंगवळणी पडायला. लेखी बातमीत एखादा तपशील राहिला तर फोन करून विचारता येतो. राहिलेला शॉट किंवा आवाज मात्र फोनवर मिळत नाही.

म्हणून कोल्हापुरात पावसाळ्यातला पहिला सराव कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर घ्यावा. विषय एकच, पंचगंगेची पाणीपातळी. त्यातून चार गोष्टी करायच्या: मोबाईलवर लगेच जाणारी 40 शब्दांची बातमी, छापील अंकासाठी 300 शब्द, 75 सेकंदांचा व्हिडिओ आणि 45 सेकंदांची ऐकण्याची बातमी.

आधी आकडे. इथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. चाळीस शब्दांत पातळी, मोजल्याची वेळ, ठिकाण आणि पाणी चढतंय की उतरतंय एवढं आलंच पाहिजे. वेळ न लिहिलेली पातळी संध्याकाळपर्यंत अफवा होऊन फिरते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फूट-इंचांत. 43 फूट 6 इंच म्हणजे साडेत्रेचाळीस फूट, 43.5. नवखा हात 43.6 लिहून मोकळा होतो. आलेख काढताना तर ही चूक उलटी बोलते: 42 फूट 9 इंचांवरून पाणी 42 फूट 11 इंचांवर गेलं, पण तक्त्यात 42.9 नंतर 42.11 भरलं, की रेषा खाली येते. नदी चढतेय आणि आपला आलेख उतरतोय! उपाय सोपा आहे. सगळी नोंद आधी इंचांत करायची आणि लोकांना दाखवताना पुन्हा फूट-इंच लिहायचे.

क्युसेक आणि टीएमसी यांचीही अशीच गल्लत होते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट, टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट. साधारण 11,574 क्युसेकचा विसर्ग 24 तास सुरू राहिला तर 1 टीएमसी पाणी जातं. ‘धरणातून अमुक टीएमसीने विसर्ग’ असं वाक्य डेस्कवर दिसलं तर ते तिथेच थांबवावं.

‘बंधारे पाण्याखाली’ हे शब्द बाहेरून आलेल्या मुलांना महापुरासारखे वाटतात. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढलेले असतात आणि पाणी वरून जाणं दर वर्षीचंच आहे. बातमी असते ती त्यावरून जाणारी वाहतूक बंद झाल्याची. कोणत्या गावांचा रस्ता तुटला, वळसा किती किलोमीटरचा, एसटी कुठपर्यंत जाते, हे विचारून घ्या. वाचकाला हवं असतं ते हेच, आणि वहीत नेमकं तेच नसतं.

आता चित्रीकरण. फोन 1080 पिक्सेल आणि सेकंदाला 25 फ्रेमवर ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. 30 फ्रेमवर घेतलेल्या व्हिडिओत ट्यूबलाइटखाली पट्टे लुकलुकतात. नदीकाठी हे कळत नाही, निवारा केंद्रातल्या मुलाखतीत कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. प्रत्येक शॉट 10 सेकंद स्थिर धरा, मनातल्या मनात मोजा. लांबून नदी, मधल्या अंतरावरून माणसं, जवळून पातळीची पट्टी, भिजलेला बांध, हात, चेहरा. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत राहण्याचा मोह जवळपास प्रत्येकाला होतो. अशा चित्रात कापायला जागाच मिळत नाही. तेच चित्र रीलसाठीही वापरायचं असेल तर मुख्य गोष्ट मधोमध ठेवा, कारण आडवी चौकट उभी करताना रुंदीचा तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी भाग उरतो.

चित्र थोडं वाईट चालतं, आवाज वाईट अजिबात चालत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, वर फोमची टोपी. वाऱ्याला पाठ करून नव्हे, तर बोलणाऱ्याला आडोशाला उभं करून बाइट, म्हणजे त्याच्या बोलण्याचा तुकडा, घ्या. ‘हं, हं’ करू नका, मान हलवा. सुरुवातीला नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या. शेवटी कुणीही न बोलता 30 सेकंद पाण्याचा आवाज घ्या. दोन बाइट जोडताना येणारा खड्डा यानेच बुजतो, आणि ऐकण्याच्या बातमीची सुरुवातही यानेच होते.

स्क्रिप्टचं गणित: 75 सेकंदांत 12-12 सेकंदांचे दोन बाइट गेले की 51 उरतात. सेकंदाला दोन शब्द धरले तर व्हीओ, म्हणजे चित्रावर आपण वाचायचं निवेदन, शंभर शब्दांचा. ‘आपण पाहू शकता की’ यात चार शब्द वाया गेले. प्रेक्षक पाहतोच आहे.

पाऊस वाढला की 2019 आणि 2021 च्या पुराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून ग्रुपवर येतात. व्हिडिओतली एक फ्रेम काढून इमेज सर्चला टाका, पाट्या वाचा आणि सरळ त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. यातला फोनच सगळ्यात लवकर काम करतो.

क्राइम बीटच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्यांच्या, सरावाआधी एक नियम पाठ हवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम 23 लागतं. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. घराची कमान, शाळेचा गणवेश, नातेवाइकाचा आवाज यांवरूनही गल्लीला माणूस कळतो, म्हणून चेहरा धूसर करून भागत नाही.

‘ऑलराउंडर’ म्हणजे चौघांचं काम एकाच्या पगारात, अशी सोयीची व्याख्या काही ठिकाणी चालते. शिकताना चारही कामं करा, पण पाण्याजवळ एकट्याने जाऊ नका. एक जण चित्रीकरण करत असेल तर दुसऱ्याची नजर पाण्यावर हवी.

परतताना क्रम ठरलेला असू द्या. 40 शब्द बंधाऱ्यावरूनच पाठवायचे. मग फुटेज दोन ठिकाणी उतरवायचं, फाइलला तारीख, ठिकाण आणि वेळ असं नाव द्यायचं, आणि मगच चहा. मेमरी कार्ड दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय पुसायचं नाही.