मिक्स तपासताना आवाज आधी कमी करा
इलेक्ट्रॉनिक संगीत रचताना आवाज हळूहळू वाढवत नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि मोठ्या आवाजात जवळजवळ काहीही चांगलेच वाटते, हीच त्यातली मेख आहे. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे दिसले की, आवाज कमी असताना आपल्या कानाला खर्जातले स्वर मधल्या पट्टीच्या मानाने फारच क्षीण ऐकू येतात आणि आवाज वाढला की हा फरक कमी होतो. म्हणून मिक्सचा, म्हणजे सगळ्या आवाजांच्या एकत्र मिश्रणाचा, समतोल ठरवताना, शेजारच्या माणसाशी सहज बोलता येईल इतक्याच आवाजात ऐकावे. मोठा आवाज शेवटी, मिनिटभर पुरे.

हळू आवाजात किक (ड्रमचा खोल ठोका) ऐकू येते पण बेस (खर्जातली सुरावट) नाहीसा होतो, असे झाल्यास बेसचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) लगेच वर ढकलू नये. बेसमधली ५० हर्ट्झची शुद्ध साइन लहर (एकाच कंपनसंख्येचा स्वर) मोबाइलच्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही. तिला सॅच्युरेशनचा, म्हणजे मुद्दाम आणलेल्या सौम्य विकृतीचा, हलका हात दिला की १००, १५०, २०० हर्ट्झचे हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर) तयार होतात आणि त्यांच्या आधारे मूळ स्वर मेंदू स्वतःच जुळवून घेतो. सॅच्युरेशन किती द्यावे, हे पडद्यावरून नजर काढून ठरवावे. आलेख पाहत ऐकणारा कान फार लवकर आलेखाचीच री ओढू लागतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. प्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा आवाज समान पातळीवर आणूनच तुलना करावी, कारण किंचित मोठे असलेले रूप उगाचच सरस भासते.