दुकानांच्या काचा आणि बोअरचं पाणी

सोलापुरात नवी पेठेकडच्या दुकानांच्या काचा पुसायचं काम सुरू केलं. गिऱ्हाईक मिळालं, पण कटकट एकच: काच वाळली की पांढरे ठिपके. कापडवाले मालक म्हणाले, "काय हो, पुसली का रांगोळी काढली?"

दोष बोअरच्या पाण्याचा. त्यातले क्षार काचेवरच वाळतात. साबण वाढवून काही होत नाही, उलट फेसाचे ओघळ राहतात. जुन्या डागांवर लिंबूसत्त्व लागू पडलं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, फडक्याने लावायचं, पाचेक मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. खाली संगमरवरी किंवा शहाबादी फरशी असेल तर आधी प्लास्टिक अंथरा. आंबट पाण्याने चुनखडीच्या दगडाची चकाकी जाते आणि भरपाई आपल्या माथी येते.

शेवटचा हात आता क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा. रबरी वायपर वरून खाली एका दमात ओढायचा, दर ओढीला रबर पुसायचं. कडा कोरड्या फडक्याने टिपायच्या. उन्हाआधी, शटर उघडताच काम उरकतो. तापलेल्या काचेवर पाणी ओढण्याआधीच वाळतं. पैसे महिन्याचे ठरवलेत. रोजच्या मागणीत घासाघीस फार.