सुजेची वाट पाहणारा डॉक्टर: रक्ताच्या आनुवंशिक विकारांतील मुलांचे सांधे तपासताना

अस्थिरोग विभागात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा हिमोफिलिया, सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे तिन्ही आजार मला परीक्षेपुरते पाठ होते. तुम्हालाही ते पाठ असतील, म्हणून व्याख्यांत वेळ घालवत नाही. मी जेथे फसलो ती एक जागा मात्र सविस्तर सांगतो, कारण तेथे फसायला अज्ञान लागत नाही. शिस्तीने तपासणी करायला शिकलेला माणूसच तेथे अधिक सहज फसतो.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी तीव्र हिमोफिलिया ए (रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर आठ’ या प्रथिनाची उणीव) असलेला सात वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. ‘घोट्यात बुडबुडे येतात’ एवढीच त्याची तक्रार होती. मी दोन्ही घोटे शेजारी ठेवून पाहिले, घेर मोजला, हालचाल तपासली, एक्स-रे काढला. सूज नव्हती, त्वचा गरम नव्हती, हालचाल पूर्ण होती आणि एक्स-रेत काहीच दिसत नव्हते. सकाळपासून तो टाच नीट टेकवत नाही, हे त्याच्या आईंनी दोनदा सांगितले आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली. सूज आली तर लगेच या, असे सांगून त्यांना घरी पाठवले. त्याच रात्री तो मुलगा परत आला तेव्हा घोटा टम्म फुगला होता आणि त्याला हात लावू देत नव्हता. पुढच्या पाच महिन्यांत त्याच सांध्यात आणखी तीनदा रक्तस्राव झाला. सहा महिन्यांच्या आत एकाच सांध्यात तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला की त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात, हे मला येत होते. तो माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होता, हे कळायला मात्र उशीर झाला.

चूक कोठे झाली, ते नीट समजून घ्या. आधी तपासा, मग चित्र पाहा, खात्री झाली की औषध द्या, हा क्रम आपल्या अंगात मुरलेला असतो आणि बहुतेक रुग्णांत तो योग्यच असतो. हिमोफिलियाच्या मुलाला मात्र सांध्यात रक्त उतरू लागल्याची चाहूल सूज दिसण्याच्या बरीच आधी लागते. कोणी तिला मुंग्या म्हणतो, कोणी ताण, कोणी नुसते ‘विचित्र वाटते’ एवढेच सांगतो, आणि जे मूल अजून बोलत नाही ते तो पाय वापरणे सोडून देते. या वेळी तुमच्या बोटांना काही लागणार नाही आणि एक्स-रेत तर मुळीच दिसणार नाही. सूज दिसेपर्यंत थांबणे म्हणजे सांधा रक्ताने भरेपर्यंत थांबणे. त्या रक्तातले लोह सांध्याच्या अस्तरात साठते, अस्तर जाड होते, त्यात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्याच पुन्हा फुटतात आणि दरम्यान कूर्चा झिजत जाते. म्हणून उणा असलेला फॅक्टर शिरेतून आधी द्यायचा, शक्यतो सुरुवातीच्या दोन तासांत, आणि सोनोग्राफी वगैरे नंतर. फॅक्टर आठचे प्रतिकिलो एक युनिट पातळी साधारण 2 टक्क्यांनी वाढवते. म्हणजे 20 किलोच्या मुलात ती 50 टक्क्यांनी वाढवायला 500 युनिट लागतात. हे गणित रात्री दोन वाजताही तोंडी आले पाहिजे.

एखादा डोस अनाठायी गेला तर काय, अशी भीती प्रत्येक नवख्याला वाटते. औषध महाग असते आणि सकाळच्या फेरीत कोणीतरी बोलणारच. तरीही बोलणी खाऊन घ्या. ती विसरली जातात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नियमित प्रतिबंधक फॅक्टर मिळालेल्या 93 टक्के मुलांचे सांधे सहाव्या वर्षी एमआरआयवर चांगले होते, तर रक्तस्राव झाल्यावरच फॅक्टर मिळालेल्यांत हे प्रमाण 55 टक्के होते. मला त्याहून हादरवणारी गोष्ट म्हणजे उघडपणे दिसलेल्या रक्तस्रावांची संख्या आणि एमआरआयवरची हानी यांचा मेळ नीट बसत नव्हता. आपल्याला न दिसलेले रक्तही सांधा खराब करत असते.

आता हिमोफिलियाच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर त्याला काय जाणवते ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो. पुढच्या वेळी ड्यूटीवर कोणीही असले तरी तो शब्द ऐकताच त्याने फॅक्टरची सोय करायला धावावे, एवढाच हेतू.

या सापळ्याचे एक भावंड जांघेत असते. मूल खुबा वाकवून लंगडत येते आणि सगळे खुब्याच्या सांध्याचा विचार करतात. मांडी सरळ करताना कळ येत असेल, पण वाकवलेल्या स्थितीत पाय आतबाहेर फिरवताना फारसे दुखत नसेल, तर इलिओसोअस या खुबा वाकवणाऱ्या स्नायूतला रक्तस्राव मनात आणा. मांडीच्या पुढच्या भागाला बधिरपणा आहे का, तेही विचारा, कारण तेथली नस दबलेली असू शकते. उजव्या बाजूला हेच दुखणे अपेंडिक्सचे वाटते आणि शल्यचिकित्सक सुरी हातात घेण्याच्या तयारीत असतात. एमिसिझुमॅब हे रक्तस्राव टाळणारे औषध चालू असलेल्या मुलात एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका; त्या औषधाने ती चाचणी फसवी होते.

सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन रक्तवाहिन्या अडवतात त्या आजारात, वेगळी कसरत करावी लागते. ताप, एका हाडात असह्य वेदना आणि वाढलेला सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) हे सारे हाडातल्या रक्तपुरवठ्याच्या अडथळ्यातही दिसते आणि हाडाच्या जंतुसंसर्गातही. अडथळा कितीतरी अधिक वेळा आढळतो, म्हणून ‘क्रायसिसच असेल’, म्हणजे अडथळ्याचीच कळ असेल, असे म्हणण्याची सवय लागते. पहिले दहा-बारा दिवस एक्स-रे येथेही गप्प राहतो. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर पाठवा, सोनोग्राफीत हाडाच्या आवरणाखाली द्रव दिसला तर सुईने नमुना घ्या, आणि औषध निवडताना स्टॅफिलोकॉकस या जंतूबरोबर साल्मोनेलाही धरा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या सिकलसेलच्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला सोडू नका. आत वळवणे आणि बाहेर फाकवणे या हालचाली कमी झाल्या असतील तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआय मागा. रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा सुकू लागला, असे निदान आल्यावर घाबरून जाऊ नका. लहान वयात हाड स्वतःला पुष्कळ घडवून घेते. गोळ्यात भोक पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया व्यायामोपचाराला जोडून फायदा होतो का, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत तपासले गेले. नुसत्या व्यायामोपचारापेक्षा ती सरस ठरली नाही.

थॅलेसेमियाबद्दल, म्हणजे शरीर पुरेसे हिमोग्लोबिन बनवू शकत नाही त्या आजाराबद्दल, थोडेच सांगतो. नियमित रक्त मिळणाऱ्या मुलांत एक्स-रेत कवटीवर उभ्या केसांसारखे दिसणारे ते चित्र क्वचितच दिसते; उपचारांमुळे होणारे त्रास मात्र तुमच्यापर्यंत येतात. वारंवार रक्त दिल्याने साठलेले लोह काढणाऱ्या डेफेरॉक्सामिनच्या जास्त मात्रेने मणके चपटे होऊन धड आखूड राहते, म्हणून उभी उंची आणि बसलेली उंची दोन्ही लिहा. त्याच कामाचे डेफेरिप्रोन घेणाऱ्या मुलाचे गुडघे दुखू लागले तर ते औषधामुळे असू शकते. बरोबर ताप असेल तर सांध्याकडे पाहण्याआधी पांढऱ्या पेशी तपासा, कारण त्या औषधाने न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

फोनवर फिरणारे ‘नाइट ड्यूटीचे एकपानी सार’ मला पटत नाही. त्यात फॅक्टरचा डोस असतो, पण सूज नसताना काय करायचे, याची ओळ मी अजून पाहिलेली नाही. मार्गदर्शक निवडायचाच असेल तर वरिष्ठांच्या मागे फिरण्यापेक्षा विभागातल्या जुन्या फिजिओथेरपिस्टजवळ आठवड्यातून एक दुपार बसा. दुखणे थांबले म्हणून मी त्या मुलाला तिसऱ्याच दिवशी खेळायला परवानगी दिली होती, ही माझी दुसरी चूक त्यांनीच दाखवून दिली. वेदना गेली तरी रक्त सांध्यात उरते, स्नायू दुबळे झालेले असतात आणि सांधा पहिल्याच उडीला पुन्हा फुटतो. पूर्वीचे माप नोंदलेले असेल तरच सांधा पूर्ववत झाला की नाही हे ठरवता येते, आणि त्या मुलाचे माप माझ्याकडे नव्हते. त्यामुळे आता रक्तस्राव नसलेल्या दिवशी मूल आले तरी मी गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचे साधन) काढतो आणि गुडघे, घोटे व कोपरे, सहाही सांधे मोजून ठेवतो.