जोडी आधीच ठरलेली असते का? मालिकालेखनात नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण मला हे विचारतातच: कोण कोणाच्या प्रेमात पडणार, हे लेखकाला पहिल्या भागापासून माहीत असतं का? मुख्य जोडीचं बहुतेकदा माहीत असतं. ज्या प्रेमकथेवर मालिका विकली जाते, ती कन्सेप्ट नोटमध्येच, म्हणजे चॅनलला दाखवायच्या मालिकेच्या पहिल्या टिपणातच, लिहिलेली असते. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेच्या १९९४ मधल्या पहिल्याच भागात रॉस रेचलला ‘कधीतरी तुला बाहेर जायचं विचारलं तर चालेल का?’ असं अडखळत विचारतो. ते मुद्दाम पेरलेलं आहे.

बाकीच्या जोड्यांची गोष्ट वेगळी. त्याच मालिकेत १९९८ मध्ये, लंडनच्या भागात, मोनिका आणि चँडलर एकत्र आले ते थोड्याच काळासाठी, अशी लेखकांची कल्पना होती. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं. त्या क्षणी प्रेक्षक इतके ओरडले की या दोघांत आणखी काहीतरी आहे हे लेखकांना तिथेच कळलं. २००१ मध्ये दोघांचं लग्न झालं. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या दुसऱ्या अमेरिकन मालिकेतला अँडी पहिल्या सीझनपुरताच येणार होता. तो राहिला, आणि पुढे त्याची एप्रिलशी जोडी जमली. पहिल्या आराखड्यात जागाच नसलेली माणसं अशी मालिकेचा आधार होऊन बसतात.

आता मुख्य धोका. माझी उमेदीची वर्षं यातच गेली, म्हणून जरा लांबण लावते. शेवटी कोण एकत्र येणार हे आपल्याला माहीत असलं की आपण प्रत्येक सीन तिकडेच वळवायला लागतो. नायिका नोकरी सोडते, तर नायकाने तिला समजून घ्यावं म्हणून. भावाशी भांडते, तर नायकाने मध्ये पडावं म्हणून. हळूहळू तिला स्वतःचं काही हवंसंच राहत नाही. कागदावर सगळं गोड दिसतं, क्रिएटिव्ह टीमही खूश असते, कारण ट्रॅक, म्हणजे कथेचा तो धागा, ठरल्याप्रमाणे चाललेला असतो. आणि पडद्यावर दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघत उभी राहतात.

हे तपासायला सोपा उपाय आहे. सीनमधून दुसऱ्या पात्राचं नाव काढून टाका. उरलेल्या पात्राला त्या सीनमध्ये अजूनही काही हवं आहे का? नसेल तर सीन पुन्हा लिहा. संवाद कितीही चांगले जमले असले तरी लिहा.

‘हाऊ आय मेट युअर मदर’कडे याच नजरेने पाहा. या मालिकेत टेड आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतो. गोष्ट ऐकणारी मुलं पडद्यावर मोठी दिसू नयेत म्हणून शेवटच्या भागातली त्यांची दृश्यं अगदी सुरुवातीच्या काळातच चित्रित करून ठेवली होती. व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. पण नऊ सीझनमध्ये पात्रं बदलली. शेवटचा जवळजवळ पूर्ण सीझन रॉबिन आणि बार्नीच्या लग्नाभोवती फिरला, आणि २०१४ च्या अंतिम भागात ते लग्न काही मिनिटांत मोडून टेडला परत रॉबिनच्या दारात उभं केलं. असंख्य प्रेक्षक दुखावले. माझ्या मते शेवट वाईट नव्हता, तो फार आधी लिहिलेल्या माणसांचा शेवट होता.

म्हणून आराखडा करा, पण त्यात जोडीच्या आधी प्रत्येकाची उणीव लिहा. हा कशाला घाबरतो, तिला कोणासमोर रडता येत नाही. त्यातून जोडी निघाली तर ती टिकते. बाकी फार काही तुमच्या हातात नसतंच. नट मालिका सोडतो, तारखा जुळत नाहीत, चॅनलला अचानक नवा चेहरा हवा असतो. रोजच्या मालिकेत तर भागांची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, संपत आली की रात्रीत ट्रॅक फिरवावा लागतो. अशा वेळी पुढचं ठाऊक नाही म्हणून स्वतःला कमी समजू नका. मोठमोठ्या लेखकांनाही ते ठाऊक नसतं, खरंच.

रेटिंग पडलं की तिसरा माणूस आणण्याचा शॉर्टकट मात्र मला मनापासून नावडतो. दोन आठवडे आकडे वर जातात, मग जोडीवरचा विश्वास कायमचा जातो. गुरू निवडतानाही सांभाळा. संवादांत लाल रेघा मारणारे पुष्कळ भेटतील. ‘आज तिला काय हवंय?’ एवढंच विचारून गप्प बसणारा भेटला, तर त्याला सोडू नका, मानधन कमी मिळालं तरी.

पहिल्या कामात तुम्हाला बहुधा संवादच मिळतील, कथा नाही. तरी एडिट, म्हणजे प्रसारणाआधी जोडलेला भाग, बघायला मागा. नाही म्हणाले तर प्रसारित झालेला भाग आवाज बंद करून बघा. कोण कोणाचं ऐकताना खरंच थांबतंय, कोणाच्या येण्याने कोणाचे खांदे सैल पडताहेत, ते टिपून ठेवा आणि पुढच्या स्टोरी मीटिंगला ते टिपण घेऊन जा.