बागेत वसंत आलाय हे कसं ओळखायचं? आधी फांद्यांची टोकं बघा

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात असतो, पण बागेत तो महिना-दीड महिना आधीच सुरू झालेला असतो आणि नेमकी तेव्हाच बाग सगळ्यात भकास दिसत असते. मी पुण्यात राहते, गच्चीवर पन्नासेक कुंड्या आहेत, आणि दर फेब्रुवारीत कोणी ना कोणी विचारतंच की अगं हे झाड वाळलं वाटतं, उपटून टाकू का. थांबा, उपटू नका! आधी फांदीचं टोक बघा.

शिकायला सगळ्यात सोपं झाड म्हणजे देवचाफा, आपला देवळाजवळ असतो तो. थंडीत सगळी पानं गळून नुसती जाड बोटांसारखी खोडं उरतात. झाड झोपलेलं असताना टोक राखाडी, निस्तेज असतं. जागं व्हायला लागलं की आधी टोकावर चकाकी येते, मग हिरवट रंग चढतो आणि मधून घट्ट गुंडाळलेलं टोकदार पान डोकावतं, भाल्याच्या पात्यासारखं. हे होईपर्यंत पाणी अगदी बेताचं द्या. मी एका जानेवारीत दया येऊन रोज पाणी घालत राहिले आणि चार वर्षांचा चाफा घालवला, खोड बोटाने दाबलं तर आत जात होतं, मुळं पार कुजली होती. अजूनही वाईट वाटतं.

झाड जिवंत आहे का कळत नसेल तर नखाने साल हलकेच खरवडा. आतून हिरवं, ओलसर दिसलं की जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर जरा खाली येऊन परत बघा, बऱ्याचदा शेंडा मेलेला असतो पण खालचं खोड ठणठणीत असतं.

मोगऱ्याचं मात्र वेगळं, त्याला आपणच उठवायचं. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी सुरुवातीला छाटणी करा, कारण त्याला फुलं नवीन फुटव्यावर येतात. मग आठ-दहा दिवसांनी जवळ बसून प्रत्येक पेराशी बघा, जिथे पान खोडाला चिकटलेलं असतं तिथे तांदळाच्या दाण्याएवढा फिकट हिरवा डोळा फुगलेला दिसेल. चष्मा लावून बघा, लांबून अजिबात दिसत नाही. डोळे फुटले की मग मूठभर शेणखत किंवा गांडूळखत, त्याआधी नाही, आणि पाणी हळूहळू वाढवायचं.

गच्ची नसेल तर रस्त्यावरची झाडं आहेतच. पिंपळाची कोवळी पानं तांबूस-गुलाबी आणि इतकी तुकतुकीत असतात की उन्हात अक्षरशः चमकतात, हिरवा रंग नंतर भरतो. सावर, पळस, पांगारा तर बिनपानांचेच फुलतात, ते चुकणारच नाहीत. आंब्याच्या मोहोरावर मात्र एकट्यावर भरवसा ठेवू नका, तो कधीकधी डिसेंबरमध्येच येतो.

आणि शिंजीर, तो फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी! जांभळ्या शिंजीरचा नर पावसाळा संपल्यावर साधा मळकट पिवळसर दिसतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ. वसंत जवळ आला की त्याचा रंग पालटतो आणि उन्हात निळा-जांभळा झळाळायला लागतो. मधल्या काळात तो अर्धवट ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, तो दिसला की मला इतका आनंद होतो की चहा गार होतो. जोडीला तांबटाचं टुक-टुक-टुक आणि पहाटेचा कोकीळ असतोच.

एक खूण मात्र नको असलेली. कोवळ्या शेंड्यांवर मुंग्यांची ये-जा वाढली की पान उलटून बघा, मावा (रस शोषणारे बारीक किडे) असणार, जास्वंदीवर तर हमखास. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, दोन-तीनदा केलं की बराचसा जातो. नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि दोन थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी फवारा, दुपारच्या उन्हात नको, कोवळी पानं करपतात.

नोंद ठेवायची असेल तर एकच फांदी निवडा, तिला दोरा बांधा आणि दर रविवारी मोबाईलवर फोटो काढा. सीझनवॉच नावाचा एक उपक्रम आहे, त्यात लोक असंच एकेक झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं टिपतात, मुलांना घेऊन करायला फार छान आहे.

आणि सोसायटीत माळीकाका छाटणीला आले की आधी त्यांच्याबरोबर एक चक्कर मारा. शिंजीरचं घरटं वाळक्या पानांचा, कोळ्याच्या जाळ्याचा लोंबता कचरा वाटतं, आणि कचरा म्हणूनच ते कापलं जातं. ज्या फांदीला दिसेल ती पिल्लं उडेपर्यंत राहू द्यायला सांगा, ते ऐकतात.