शाळेचा खो-खो संघ: नव्या क्रीडाशिक्षकांसाठी

जूनमध्ये शाळा उघडली की खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला द्या, असा निरोप येतोच. देऊ नका. वर्षभराची आखणी लिहून काढा, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि शिक्षक खोलीत लावा. सही झालेला तास सहसा कुणी मागत नाही.

संघ पाचवी-सहावीतून घडवायला घ्या. नववीत एखादी वाऱ्यासारखी पळणारी मुलगी सापडते, पण तिला खांबापाशी वळायला शिकवेपर्यंत दहावी येते. निवडीसाठी शर्यत लावू नका. लंगडी आणि शिवाशिवी खेळू द्या नि बाजूला उभ्या राहून पाहा. कोण हूल देऊन सुटते, कोण पडली तरी लगेच उठते, ती तुमची खेळाडू.

मैदानावर मुरूम असेल तर सरावाआधी खडे मुलींकडूनच वेचून घ्या. पाणी मारा, फक्की रोज नाही जमली तरी मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, स्पष्ट दिसू द्या. खांब जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंच हवेत आणि अगदी गुळगुळीत हवेत. हाताने चाचपून बघा, कूस राहिली असेल तर पॉलिश पेपर मारा.

आता सरावाचं. बहुतेक जण फक्त पळायला शिकवतात. माझ्या मते अर्धा सामना बसलेल्या मुलींच्या हातात असतो. आठ जणी एकीआड एक विरुद्ध तोंडं करून बसतात. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. म्हणून रोज सुरुवातीला नुसतं बसणं-उठणं घ्या: टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला टेकलेली, खो कानावर पडताच पहिलं पाऊल. हे अंगात मुरलं की मग खांबावरचा सूर, म्हणजे खांबाचा आधार घेऊन गडी बाद करायला झेपावणं, मग साखळी, म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळणं. सूर शिकवताना आधी वाळूत मारायला लावा.

आठवी आली की मुली गळायला लागतात. कारण खेळात नसतं, घरात असतं. कुणाला धाकटा भाऊ सांभाळायचा असतो, कुणाच्या आईला उशिरा परतण्याची काळजी. घरी जा, ओट्यावर बसून बोला, सरावाची वेळ आईला विचारून ठरवा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने तो जिंकला, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तिचं नाव मी प्रत्येक घरात आवर्जून सांगते.

कागदपत्रांची फाईल जुलैतच तयार ठेवा. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, त्यामुळे जन्मतारीख जनरल रजिस्टरशी ताडून पाहा. आधार आणि दाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी स्पर्धेच्या दिवशी मुलगी बाहेर बसू शकते. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून घाई आत्ताच करा.

तालुक्याला जाताना सोबत बाई शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, केळी आणि चिक्की. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाईलला लावा. दहावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. त्याची मुदत दरवर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, लिपिकावर सोडू नका.